बाळंतखोलीचं पिंप

गाडीच्या बॉडीचं काम चांगलं झालंय की वाईट, हे तिच्याकडं बघून कधी ठरवू नये. रंग आणि खड्डे बुजवायची लांबी या दोन गोष्टींनी आम्ही लोकांनी आजवर काय काय झाकलंय हे सांगायला बसलो, तर नगरमधले निम्मे कारखानदार माझ्याशी बोलणं टाकतील. कुजलेल्या लाकडावर पत्रा ठोकला, पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरून घासली, वर दोन हात रंग मारला आणि मागं ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलं, की कुठलीही गाडी नवरीसारखी दिसते. खरं काय ते पाणी सांगतं.

म्हणून आमच्या उस्तादांच्या कारखान्यात एक रीत होती. बॉडी तयार झाली की तिला न्हाऊ घालायचं. दारं-खिडक्या लावून एकजण आत अंधारात खडू घेऊन बसायचा. बाहेरून दुसऱ्यानं विहिरीवरच्या पंपाचा पाइप धरायचा. आधी छपरावर, मग चारी अंगांनी, सरळ आणि तिरका. आतल्या माणसाला जिथं थेंब दिसेल तिथं त्यानं खडूनं फुली मारायची. एक जरी फुली निघाली तरी तिथला पत्रा पुन्हा उघडायचा. गिऱ्हाईक फाटकात हार घेऊन उभं असलं तरी उघडायचा. उस्ताद म्हणजे करीमचाचा. त्यांचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं त्यांच्या घरचं. ते म्हणायचे, “न्हाए बगैर गाडी गेटच्या भायेर न्हाई जानार.”

या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातले गमतीचे अनुभव लिहायला सांगितलेत. तसे आहेत. नेवाशाचा एक तेलाचा व्यापारी ट्रक ताब्यात घ्यायच्या आधी त्यात गादी टाकून दुपारभर झोपून बघायचा. झोप लागली तर बॉडी पास. एका बँडमास्तरला ढोल ठेवायच्या गाडीला आतून मखमल पाहिजे होती, ढोलाला सर्दी होते म्हणून. हे किस्से मी लग्नकार्यात इतक्यांदा सांगितलेत की ते आता माझे राहिलेच नाहीत. लिहायला बसलो की हात दुसऱ्याच गोष्टीकडं जातो. ती मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. पन्नाशी ओलांडली, आता पोटात ठेवून तिचं काही व्हायचं नाही.

बहात्तर सालचा पाऊस आलाच नाही आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या कारखान्यात एकही ट्रक बांधायला नव्हता. शेतात माल नाही तर ट्रक कोण बांधणार? विहिरीनं तळ गाठला होता. पंप गंजू नये म्हणून चाचा त्याला रोज नुसतं तेल पाजायचे. आम्ही चार कारागीर होतो, दोन उरलो. एक आमचा पेंटर आणि दुसरा मी. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, हात चांगला आणि जीभ त्याहून चांगली, म्हणजे कामापेक्षा कामाची फुशारकी जास्त.

अशा दिवसांत रूथबाई आल्या. नर्स होत्या, नोकरीतून नुकत्याच मोकळ्या झालेल्या. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, आणि समोरच्याला वाक्य पुरं करू न द्यायची सवय. भिंगारच्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात लिंबाखाली कुण्या साहेबाचा ट्रेलर पडून होता. जीपला मागं जोडून सहलीला न्यायचा, दोन चाकांवरची खोलीच ती. आत घडीची कॉट, भिंतीत मुडपून ठेवायचं टेबल, हात धुवायचं इवलंसं भांडं, पितळी मुठींची कपाटं. साहेब कधीच गेला होता आणि आत कोंबड्या राहत होत्या. बंगलेवाल्यानं “घेऊन जा एकदाचा” म्हटलं आणि बाईंनी घेतला.

चाचांनी विचारलं, कशाला? बाई म्हणाल्या, दुष्काळी कामांवर बायका खडी फोडतात. दिवस भरले तरी फोडतात, कारण हजेरी चुकून चालत नाही. कळा आल्या की बैलगाडीखाली नाहीतर बाभळीआड लुगड्याचा आडोसा करतात. मला चार भिंती आणि एक दार पाहिजे, जे ओढून कामावर नेता येईल. पैसे नाहीत. काम मी स्वतः करीन, तुम्ही जागा आणि हत्यारं द्या आणि मला शिकवा.

चाचांनी माझ्याकडं बोट दाखवलं. “दत्तू शिकवील. आज का काम उसको बी न्हाई.”

बाईंनी खरंच स्वतः केलं. आतून रिपीट, म्हणजे पत्रा जोडायची खिळी, धरायची, बाहेरून हातोडी मारायची, हे पहिल्या दिवशी त्यांच्या अंगठ्यानं शिकून घेतलं. पितळी मुठी त्या चिंच लावून घासायच्या आणि घासता घासता मला माझी नखं काळी आहेत म्हणून बोलायच्या. ट्रेलरच्या बाजू ॲल्युमिनियमच्या होत्या, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. पत्रा सोलला तेव्हा आतला सांगाडा दिसला. कुठलंसं विलायती लाकूड, खालच्या अंगाला ओल्या पावासारखं कुस्करत होतं. आम्ही मोडीत निघालेल्या ट्रकचं सागवान कापून एकेक दांडा बदलला. जुना दांडा शेजारी ठेवायचा, त्याच्यावर नवा बेतायचा, जुना टाकून द्यायचा. असं करत करत खोली तीच राहिली आणि आतलं सगळं दुसरं झालं. चाकं जीपची बसवली. दारावर मी दोन दिवस घालवले. ते कडेला टेकलं की मऊ आवाज करायचं, खळ्‌कन वाजायचं नाही. त्या दाराला कुलपाची जागाच ठेवली नव्हती. बाई म्हणाल्या, अडलेली बाई आली आणि मी गावात असले तर तिनं काय करायचं?

छप्पर सगळ्यात नाजूक. जुन्या लोकांनी फळ्यांवर जाड कापड चिकटवून वर रंग दिलेला होता. कापडाच्या चिंध्या झाल्या होत्या. ते ओरबाडून काढलं, फळ्या घासल्या, सफेदा आणि अळशीचं तेल कालवून त्याचा लेप दिला, त्यावर नवं कापड ताणून बसवलं, वरून रंगाचे तीन हात. हे काम मी बाईंना करू दिलं नाही. असं छप्पर मीही आधी कधी केलेलं नव्हतं, पण तसं मी त्यांना सांगितलं नाही.

आणि न्हाऊ घालायला पाणी नव्हतं. नगरच्या नळाला एक दिवसाआड घागरभर पाणी यायचं, ते कोण छपरावर ओतेल? चाचा ट्रेलरभोवती दोन फेऱ्या मारून उभे राहिले. म्हणाले, “जाऊ दे. इस साल अल्ला न्हाऊ घालेल.” पहिल्यांदा आमच्या फाटकातून कोरडी बॉडी बाहेर गेली. पेंटरनं मागून हाक मारली, “दत्तू, तुझं छप्पर एकदम पक्कं बरं का. पाऊस नाही तोवर.”

हे वाक्य मी बरोबर घेऊन गेलो.

काम होतं नेवाशाच्या अलीकडं, शिंगणापूरहून फार लांब नाही. रस्त्याचं काम. उघड्या माळावर खडीचे ढीग, ढिगांमागं ढीग, आणि प्रत्येक ढिगाशी लुगड्याचा पदर तोंडावर बांधून बसलेली बाई. एक्सल आणि खिडक्या नीट बसेपर्यंत मी तिथं राहायचं असं ठरलं होतं. ट्रेलर एका बाभळीपाशी उभा केला. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याला नाव दिलं, बाळंतखोली. काही जणी नुसत्याच यायच्या, दार उघडझाप करून बघायच्या आणि हसून जायच्या.

पाण्याची पिंपं बाभळीच्या पलीकडच्या मांडवात होती. टँकर दिवसाआड यायचा. पिंपांवर नेमलेला माणूस नामातात्या, शिंगणापूरचा. कंबरेतून थोडा वाकलेला, खडी फोडणं त्याला जमण्यासारखं नव्हतं म्हणून पाण्यावर ठेवलेला. डोक्याला फडकं, हातात लांब दांड्याची पळी, आणि पळी कुणाच्या घागरीत किती वेळा गेली हे तोंडपाठ. बायका त्याला चिडवायच्या, “तात्या, पळी जरा तिरकी झाली की वो.” तो म्हणायचा, “तुज्या सासूला सरळ दिल्ती, तिनं कुटं नाव काडलं?” सगळ्यात शेवटचं, ट्रेलरच्या अंगाचं पिंप बाईंनी त्याच्याकडून वेगळं मागून घेतलं होतं. बाळंतिणीचं. त्याला तो स्वतःही हात लावत नसे.

पिंपांवर नुसत्या फळ्या ठेवलेल्या असायच्या. मुकादम रोज म्हणायचा, कड्या लाव, कुलपं लाव, दिवस वाईट आहेत. तात्या ऐकायचा नाही. त्याच्या गावातल्या घरांना दारं नाहीत, चौकटीला फार तर कुत्रं येऊ नये म्हणून एक फळी आडवी. त्याच्या आयुष्यात त्यानं कुलूप लावलं नव्हतं. मला तो एकदा म्हणाला, “कुलूप लावलं म्हंजी समोरच्याला चोर म्हनलं. मंग देवानं काय करायचं, नुसतं बसायचं?” मी तेव्हा शहरी शहाणपणानं हसलो होतो.

एका दुपारी पश्चिमेकडून ढग आला. एकच, पण काळा. माळावरचे हातोडे थांबले. माणसं उठून उभी राहिली. म्हाताऱ्या बायकांनी पदर पसरले. गार वारा सुटला, मातीवर पाच-पन्नास टपोरे थेंब पडले. मी ट्रेलरच्या छपराकडं बघत होतो. सगळा जिल्हा त्या ढगाकडं हात जोडून उभा होता आणि मी एकटा मनात म्हणत होतो, नको, आज नको. बाईंच्या समोर नको.

ढग गेला. लोक पुन्हा खाली बसले. मी सुटलो म्हणून श्वास सोडला, आणि तो श्वास आजही मला ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी बाई औषधं आणायला एसटीनं नेवाशाला गेल्या. तात्या दुपारच्या वक्ताला कावड घेऊन लांबच्या ढिगांवर पाणी वाटायला गेला. मांडवात कुणी नव्हतं. माझ्याकडं शिडी होती, बादली होती. मी स्वतःला समजावलं की हे पिंप बाळंतखोलीचंच आहे, मग बाळंतखोलीवर ओतलं तर कुणाचं काय गेलं? आणि उद्या टँकर येतोच आहे. असलं समजावणं फार पटकन होतं. ज्या माणसाला कामात जोड जुळवायची सवय असते, त्याला विचारातली फटही दिसली की तो तिच्यात लांबी भरतो.

मी बादल्या वर नेल्या आणि ओतल्या. पाणी छपरावरून चारी कडांनी खाली उतरलं. खाली माती इतकी तापलेली की पडल्याबरोबर वाफेसारखा वास यायचा. कुठून तरी चिमण्या आल्या, चाकाखालच्या ओलीत चोची घालायला लागल्या. एक कुत्रं आलं. मी शेवटची बादली ओतून धावत आत गेलो, दार लावलं आणि अंधारात छपराकडं बघत बसलो. एक थेंब नाही. बोट फिरवलं, सगळं कोरडं. मी आत एकटाच हसलो. खरं सांगायचं तर आयुष्यात कुठल्याच कामाचा मला तेवढा आनंद झालेला नाही.

बाहेर आलो तर जमीन सुकतही आली होती. बाभळीची फांदी घेऊन मी ओलीवर धूळ ओढली, पिंपावर फळी होती तशी ठेवली.

पुढच्या दिवशी टँकर आला नाही. दिवस कलला तेव्हा पाथर्डीकडची एक पोरसवदा बाई ढिगाशीच खाली बसली. चौघींनी उचलून तिला बाळंतखोलीत आणलं. नेवाशाहून रात्रीच परतलेल्या रूथबाईंनी दार लावून घेतलं. बराच वेळ नुसते आतले आवाज. मग बाळाचं रडणं आलं आणि बाहेरच्या बायका हसल्या. बाईंनी दार उघडून तात्याला पाणी मागितलं.

तात्यानं फळी उचलली. मग त्यानं पिंपात हात घातला, खांद्यापर्यंत. तळ चाचपला. हात बाहेर काढून तो हाताकडं बघत राहिला.

“भरल्यालं हुतं बाई,” तो म्हणाला. “काल सकाळी म्या बघितल्यालं हुतं.”

बाई बायकांकडं वळून म्हणाल्या, ज्याच्याकडं असेल तेवढं आणा. आणि बायकांनी आणलं. टँकर चुकलेल्या दिवशी, आपापल्या रात्रीच्या पाण्यातलं. कुणी तांब्या, कुणी वाटी, एका म्हातारीनं तर गडव्याच्या तळाशी असलेलं पदरातून गाळून दिलं. मी माझ्या फिरकीच्या तांब्यातलं ओतलं. त्या बायकांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. मी ते कौतुक घेतलं.

त्या गढूळ, सतरा घरच्या पाण्यात ते बाळ न्हालं.

सकाळी मुकादम आला. त्याला पाण्यापेक्षा स्वतःचं खरं ठरल्याचं जास्त होतं. सगळ्यांसमोर म्हणाला, शनीमहाराज राखण करतात ना? मग परवा कुठं गेले होते? मागून कुणीतरी म्हणालं की तात्यानं रस्त्यानं जाणाऱ्या गाडीवानाला बैलांसाठी विकलं असेल. एकदा असं कुणी म्हटलं की ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक असल्यासारखं होतं. ज्या बायका त्याला पळीवरून चिडवायच्या त्या आता गप्प राहून घागर पुढं करायच्या, आणि पळी वर येताना तिच्याकडं बघायच्या. बाईंनी मुकादमाला सुनावलं, पण मुकादमाचं एकच म्हणणं, आजच्या आज पिंपाला कुलूप लागलं तर हा पाण्यावर, नाहीतर उद्यापासून खडीवर.

खडीवर तो माणूस किती दिवस टिकला असता, हे तिथं सगळ्यांना कळत होतं.

तोंड उघडायला मला तेवढीच वेळ होती. मी उघडलं नाही. माळावर एक समजूत होती, शिंगणापूरच्या माणसाचं चोरलं की चोराचे डोळे जातात. ज्याच्या त्याच्या डोळ्याकडं लोक बघत होते. एका गड्याचे डोळे आलेले होते, त्याला बिचाऱ्याला त्या दिवशी कुणी जवळ बसू दिलं नाही. माझ्या एका डोळ्यात त्या सकाळी खडीची कच गेली होती. मी वेल्डिंगचा काळा चष्मा लावून दिवसभर हिंडलो. तसा माझा विश्वास नव्हता, तरी लावला.

दुपारी तात्या माझ्याकडं आला. हातात बाजारातलं नवं कुलूप, कागदातसुद्धा न गुंडाळलेलं. दोन किल्ल्या सुतळीत ओवलेल्या.

“दत्तूभाऊ, बाळंतिनीच्या पिंपाला कडी बसवून देता का? तुमच्याकडं हत्यारं हायेत.”

मी म्हणालो, तात्या, तुम्ही तर लावत नाही. मला वाटतं, त्यानं नाही म्हणावं म्हणून मी ते म्हणालो.

तो खाली उकिडवा बसला, ट्रेलरच्या चाकापाशी. म्हणाला, “माजं असतं तर देवावर सोडलं असतं. बाळंतिनीचं पानी देवावर कसं सोडू?”

मी फळीला कब्जा बसवला, पिंपाच्या कडेला भोक पाडून कोयंडा ठोकला. माझं मोजमाप कधी चुकत नाही. कडी एका बोटानं बसत होती. माझ्या हातची कामं नगर जिल्ह्याच्या रस्त्यांवर सगळीकडं फिरली आणि मोडीत गेली, पण सगळ्यात नीट काम कुठलं विचारलं तर ते हेच, आणि ते मी करायला नको होतं.

मी ठोकत होतो तेव्हा तात्या जमिनीकडं बघत होता. मीही बघितलं. मला लाकूड आणि पत्रा कळतो, माती कळत नाही. मला वाटलं होतं, धूळ ओढली की झालं. पण पाणी पिऊन सुकलेल्या मातीला खपली धरते. ट्रेलरच्या चारी कडांखाली, जिथून जिथून पाणी उतरलं होतं तिथं, सरळ रेघेत खपली धरली होती. उन्हानं तिच्या कडा पापडासारख्या वर वळल्या होत्या आणि वाऱ्यानं माझी धूळ उडवून नेली होती. त्या ढगाचे पाच-पन्नास थेंब असली खपली धरवत नाहीत. ज्यानं जन्मभर शेत केलं त्याला हे सांगायला लागत नाही.

तात्यानं पायाच्या अंगठ्यानं खपलीचा एक तुकडा उचलला. तो उलटा केला. मग हळूच अंगठ्याखाली मोडला. वर छपराकडं बघितलं, छपराकडून माझ्याकडं. मी काळा चष्मा लावलेला होता.

तो उठला. कुलूप घातलं. त्याला ते जमेना, उलटं घालत होता, मी हात लावून सरळ केलं. कुलूप लागल्याचा आवाज झाला तसा तो थोडा दचकला. मग त्यानं सुतळी सोडली. एक किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली. दुसरी माझ्यापुढं धरली.

“एक बाईंची,” तो म्हणाला. “पन त्या गावाला जात्यात. तुमी हितंच असता. तुमच्याजवळ राहू द्या.”

मी हात पुढं केला आणि ती घेतली.

दुसऱ्याच दिवशी काम संपलं असं सांगून मी नगरला निघून आलो. किल्ली खिशातच राहिली, किंवा मी राहू दिली. बाईंना तिची गरज पडली का, त्यांनी मग कसं केलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पाऊस त्र्याहत्तरला आला, आणि चांगला आला. बाई एक दिवस कारखान्यात आल्या, छत्री मिटता मिटता म्हणाल्या, अरे, दाराच्या वरच्या कोपऱ्यातून गळतंय. मी चाट पडलो. चाचा हसले. “गळेल न्हाई तर काय? पाऊस काय सरळ पडतो? तिरका मारल्याशिवाय कसं कळनार? न्हाऊ घातलंच नव्हतं तिला.” मी मान हलवली. मी शिडीवर चढून पाणी फक्त वरून ओतलं होतं. म्हणजे ज्या कामासाठी मी ते पिंप रिकामं केलं, ते कामही झालं नव्हतं. मी बाईंच्या बरोबर जाऊन कोपरा उघडला, कापडाची पट्टी सफेद्यात बुडवून बसवली. ट्रेलर तेव्हा दुसऱ्या कामावर होता. तात्या आपल्या गावी गेल्याचं तिथं कळलं. त्याच्याबद्दल अजून बोलत होते, पाणी विकणारा म्हातारा म्हणून. मी पट्टी बसवत होतो.

त्यानंतर काही वर्षांनी मी शिंगणापूरला गेलो. दर्शनाला म्हणून निघालो, पण किल्ली बरोबर घेतली होती. घर विचारत विचारत गेलो. लहान घर, शेणानं सारवलेलं अंगण, एका कडेला कडब्याची पेंढी. दाराच्या जागी नुसती चौकट. आतली चूल दिसत होती, उतरंड दिसत होती, दांडीवरचं धोतर दिसत होतं. आतून कुणीतरी खोकलं. म्हाताऱ्या माणसाचा खोकला.

मी आयुष्यभर दारं बसवत आलोय. दारासमोर कसं उभं राहायचं ते मला कळतं. कडी वाजवायची, थांबायचं, कुणी आलं नाही तर घरात नाहीत म्हणून परत फिरायचं. दार असलं की माणसाला तेवढी सोय असते. तिथं वाजवायला काही नव्हतं. तिथं नाव घेऊन हाक मारावी लागते, आणि हाक मारली की आपण कोण ते सांगावं लागतं. मी अंगणाच्या कडेला उभा राहिलो. मग परत फिरलो. वाटेत एका पोरीनं विचारलं, कुणाकडं आलता? मी म्हणालो, चुकलो.

चाचा गेले, बाई गेल्या. तात्या असण्याची शक्यता नाही. माझ्या कारखान्यात आजही बॉडीला न्हाऊ घालतो, तिरका पाइप मारून. खडू घेऊन आत बसायला मी दुसऱ्याला पाठवतो. त्या अंधारात मला बसवत नाही. किल्ली ड्रिलच्या पात्यांच्या डब्यात आहे. तिचं कुलूप कुठं आहे कुणास ठाऊक, पण त्या घरी आजही चौकटीला दार नसणार. तेव्हा जी हाक मारायची राहिली ती इथूनच मारतो, कुणी ऐको न ऐको.

तात्या, हाय का घरात? मी दत्तू. पाणी मी घेतलं हुतं.